आप्पांच्या पिस्तुलावरचा मुकुट

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. बेळगुंदीच्या शाळेत चौथी झाले, त्यानंतर हातात पेन्सिल आली ती फक्त ब्लाऊजची मापं लिहायला. छाती, बाही, गळा, एवढ्यावर माझं लिहिणं तीस वर्षं चाललं. त्यामुळं ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मी अंदाजानं घालते. हे वाचणारं कुणी नाही, तरी माफी आधीच मागून ठेवते. ज्यांच्याविषयी लिहायला बसले आहे त्यांच्या हाती हे पान पडलं, तर ते मजकूर वाचणारच नाहीत. भिंग लावून शाई बघतील आणि म्हणतील, वरच्या चार ओळी एका पेनानं आणि खालच्या दुसऱ्या पेनानं लिहिल्या आहेत. आणि ते खरं असेल.

निपाणीत मी ज्यांच्या घरात राहत होते ते आमचे घरमालक. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, मीही आप्पाच म्हणत होते. उंच, वाळकी काठी, पांढरी टोपी, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात सोनाराचं भिंग. त्यांच्या वयाच्या माणसांच्या गळ्यात ताईत असतो, यांच्या गळ्यात भिंग. आंघोळीला जातानासुद्धा ते खुंटीला न लावता आक्कांच्या हातात देऊन जायचे. आक्का म्हणजे त्यांची बायको. माहेर चिकोडीकडचं, त्यामुळं राग आला की कानडी आणि जास्त राग आला की मराठी.

खोली बघायला मी पहिल्यांदा गेले ती सामान टेम्पोत घालूनच. तेव्हा आक्कांनी विचारायचं ते विचारून घेतलं. माणसं किती, मटण-मासे करता का, कांदा-लसणाचा वास वर येईल का. आप्पांनी काहीच विचारलं नाही. ते माझ्या शिलाई मशीनपाशी उकिडवे बसले होते. टेम्पोतून नुकतंच उतरवलेलं मशीन. भिंग लावून त्यांनी सगळीकडून बघितलं आणि म्हणाले, "चाक ह्याचं न्हवं. दुसऱ्या मशीनचं बसवलंय."

चाक दुसऱ्याचंच होतं. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, जुन्या बाजारातून घेताना तसंच घेतलं होतं. पण मला अशी लाज वाटली, जशी काही माझ्या माहेरातली गोष्ट कुणी चारचौघांत काढली.

आप्पांचं सगळं आयुष्य फरकावर चाललं होतं. दोन काकड्या आणल्या तरी त्यांतली कुठली निराळी ते बघायचे. पाच रुपयांची नाणी डब्यात निवडून ठेवायचे. पण ही सगळी त्यांची फावल्या वेळातली कामं. खरं वेड होतं जुन्या पिस्तुलांचं. परदेशात शंभर वर्षांपूर्वी झालेली, आपोआप गोळी वर येणारी पिस्तुलं. एकाच कारखान्यातून, एकाच सालात, एकाच साच्यातून निघालेल्या हजारो पिस्तुलांत काही थोडी वेगळी असतात. कुणाचा खटका जरा लांब, कुणाच्या मुठीवरची नक्षी उलटी, कुणावर एखादा शिक्का कमी. अशा वेगळ्या नगासाठी जगभरची माणसं वेडी होतात, असं आप्पा सांगायचे. त्या माणसांतली एकही निपाणीला कधी आली नव्हती, पण आप्पा त्यांच्याविषयी सख्ख्या चुलत्यांसारखं बोलायचे.

त्यासाठी त्यांनी बाहेरून जाड जाड इंग्रजी पुस्तकं मागवली होती. इंग्रजी त्यांना तंबाखूच्या बिलांपुरतं येत होतं. ते चित्रं वाचायचे.

घरी कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी दोन फोटो पुढं यायचे. दोन्हीत पिस्तूल, दोन्ही सारखीच. "दिसायला सगळं सारखंच असतंय," आप्पा म्हणायचे. "आता फरक सांगा." पाहुणा घामाघूम. आक्कांच्या भाचीला बघायला आलेल्या मुलाच्या बापालाही त्यांनी हे फोटो दिले. त्या बिचाऱ्याला वाटलं, मुलीच्या दोन बहिणींचे फोटो असतील. चष्मा लावून त्यानं मान डोलावली आणि दोन्ही चांगल्या आहेत म्हणाला. पाहुणे गेल्यावर आप्पांनी निकाल दिला, की सोयरीक नको, माणसाची नजर कच्ची आहे. लग्न झालं, चांगलं चाललं आहे. आप्पा त्या जावयाशी अजून पिस्तुलाविषयी बोलत नाहीत.

यातली गंमत अशी की आप्पा जैन. नुसते नावाचे नाहीत. पाणी फडक्यातून गाळून प्यायचे, दिवस बुडायच्या आत जेवून हात धुवायचे. त्यात कधी खंड नाही. लग्नात पंगत लांबली तर उपाशी घरी यायचे. मुंगी दिसली की ती पायाखाली येऊ नये म्हणून साखरेची ओळ घालून तिला भिंतीपर्यंत पोचवायचे. घरात त्यांच्या वडिलांचं एक पिस्तूल होतं, लायसनचं. तंबाखूच्या व्यापारात रोकड घेऊन गावोगाव फिरावं लागायचं, त्या काळातलं. पण घरात गोळी एकही नव्हती. "गोळी म्हणजे हिंसा," आप्पा म्हणायचे. "पिस्तूल म्हणजे कारागिरी." एकदा लायसन नवं करायला बेळगावला डीसी ऑफिसात, म्हणजे कलेक्टर कचेरीत, गेले तर तिथल्या साहेबानं विचारलं, गोळ्या किती आहेत. आप्पा म्हणाले, एकही नाही, ठेवणारही नाही. मग पिस्तूल कशाला, तर म्हणाले, बघायला. साहेबानं थोडा विचार केला आणि कागदावर 'स्वसंरक्षण' लिहिलं.

वडिलांचं ते पिस्तूल आप्पांच्या मते अगदी साधं होतं. कपाटात साड्यांच्या मागं पडलेलं असायचं. पण लायसनवर दोन बसतात. दुसऱ्या जागेसाठी आप्पा कित्येक वर्षं असं पिस्तूल शोधत होते, जसं लोक एकुलत्या एका मुलीला स्थळ शोधतात.

आता माझ्या पैशांचं सांगते. आमचे मालक तंबाखूच्या वखारीत ट्रक चालवायचे. ते गेल्यावर वखारवाल्यांनी फंडाचे पैसे दिले. मुलगी लग्न होऊन गेलेली, मी एकटी. आमच्याकडं घर लीजवर घ्यायची पद्धत आहे. एकरकमी पैसे मालकाला द्यायचे, दरमहा भाडं नाही, घर सोडताना सगळी रक्कम जशीच्या तशी परत. मालक ते पैसे वापरतो, आपण घर वापरतो. मी तीन लाख आप्पांना दिले आणि खालच्या दोन खोल्यांत मशीन मांडलं. फॉल, पिको, ब्लाऊज यावर माझं पोट चालत होतं. त्या तीन लाखांशिवाय माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. पण परत मिळायचेच आहेत म्हणून मी निर्धास्त होते.

वर्षभरानं आप्पांना स्थळ मिळालं. खानापूरच्या पलीकडं गुंजीजवळ एक जुन्या शिकाऱ्याचं घर. म्हातारा वारला, मुलांना ते लोखंड घरात नको होतं. आप्पा बसनं बेळगाव, तिथून रेल्वेनं गुंजी असे कितीतरी खेटे घालून आले. परवानग्यांचे कागद झाले आणि एके दिवशी ते स्टीलच्या जेवणाच्या डब्यातून ते पिस्तूल घेऊन घरी आले. माझ्या खिडकीत उजेड चांगला पडतो म्हणून डबा थेट माझ्या कापड बेतायच्या टेबलावर उघडला.

मला तर जळालेल्या गुळाचा खडाच वाटला. गुंजीकडं पाऊस लई, गंज चढू नये म्हणून त्या घरानं वर्षानुवर्षं तेल थापलेलं, त्याचा कीट होऊन कातळासारखा बसला होता. मी सवयीनं फडकं पुढं केलं. आप्पांनी माझा हात वरच्यावर धरला.

"मळ न्हवं ही. कांती हाय," ते म्हणाले. "जुन्या वस्तूला हात लावायचा न्हाय. पुसली की मेली."

मग त्यांनी मला भिंग दिलं. ही पिस्तुलं जिथं बनली त्या देशाच्या सरकारनं तपासलेल्या प्रत्येक पिस्तुलावर दोन छोटे मुकुट ठोकलेले असतात, एक नळीवर आणि एक खटक्याच्या वर. पण सुरुवातीचे थोडे नग घाईत बाहेर पडले. त्यांच्यावर नळीवरचा एकच मुकुट. जगात तसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. "हे त्यांतलं," आप्पा म्हणाले. खटक्याच्या वर मला काळं दिसलं, त्यांनाही काळंच दिसत होतं. पण त्या काळ्यात मुकुट नाही हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

ज्या माणसाच्या घरात गाळल्याशिवाय पाणी नाही आणि निवडल्याशिवाय तांदूळ नाही, त्या घरात तो एक कीट देवासारखा जपला जात होता.

पुढच्या वर्षी माझ्या भावानं बेळगुंदीत घराशेजारची थोडी जागा मला देऊ केली. दोन खोल्या बांध आणि ये, म्हणाला. एकट्या बाईनं किती दिवस परक्या गावात राहायचं. मला रात्रंदिवस त्या दोन खोल्याच दिसू लागल्या. मशीन कुठल्या खिडकीत ठेवायचं तेसुद्धा ठरवलं. पण पैसे मागायचे म्हणजे माझ्या जिवावर आलं. तीन वेळा जिना चढून अर्ध्यातून परत फिरले. चौथ्या वेळी आक्कांनीच बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं, पायऱ्या पुसतीस काय?"

मी सांगितलं. आक्का लगेच आत वळल्या आणि आप्पांना हाक मारली. आप्पा आले, ऐकून घेतलं, आणि समाधानानं हसले. "तुमचं पैसं लई चांगल्या जागी हायत, बेळगुंदी." मला ते माझ्या गावाच्या नावानंच हाक मारायचे. "बँकेत पैसा झोपतोय. लोखंडात वाढतोय."

आक्कांना तेव्हा कळलं की गुंजीच्या पिस्तुलात कुणाचे पैसे गेले. आधी कानडीत बोलल्या, मग मराठीत. "परक्या बाईचं पैसं घालून कांती आणली व्हय घरात?" त्या म्हणाल्या. "चाटून खावा आता ती कांती. आजपासनं भाजी न्हाय." आणि खरंच आठवडाभर आप्पांना ताक आणि भाकरी.

आप्पा मात्र शांत होते. बेंगळूरला एक मोठा शौकीन होता, असल्या वस्तू गोळा करणारा. आप्पांनी त्याला फोटो पाठवले होते. तो म्हणाला, खरोखर एकच मुकुट असेल तर पंधरा लाख देतो, दिवाळीनंतर स्वतः येऊन बघतो. आप्पांनी मला बोलावून सांगितलं, की माझे तीन लाख तर देणारच, वर खोल्यांचं सिमेंट त्यांच्याकडून. मी भावाला फोन केला. त्यानं पायाचं खणायला घेतलं.

त्याच वर्षी निवडणूक आली. निवडणूक आली की आमच्याकडं लायसनवाल्यांना आपापली हत्यारं पोलीस स्टेशनात जमा करावी लागतात. बाकीचे लोक कुरकुरतात, उगाच नोकराच्या हातून पाठवतात. आप्पा वडिलांचं पिस्तूल असंच पिशवीत घालून द्यायचे. पण गुंजीचं पिस्तूल त्यांनी लेक सासरी पाठवावी तसं पोचवलं. आक्कांच्या जुन्या इरकलीच्या तुकड्यात गुंडाळलं, डब्यात ठेवलं, डबा छातीशी धरून चालत गेले. हवालदाराला बजावलं की हात लावू नका, पुसू नका, ऊन दाखवू नका. हवालदार म्हणाला, आप्पा, ह्याला खायाला काय घालायचं ते बी सांगा.

निवडणूक झाली, निकाल लागला, लोकांनी हत्यारं परत नेली. आप्पांनी वडिलांचं आणलं, गुंजीचं तिथंच ठेवलं. त्यांचा हिशेब साधा होता. घरी आक्का रोज ते विहिरीत टाकायची धमकी देतात. स्टेशनात लोखंडी कपाट आहे, दारात बंदूक घेतलेला शिपाई आहे, आणि भाडं काही नाही. बेंगळूरचा माणूस येईपर्यंत यापेक्षा चांगली तिजोरी कुठली. स्टेशनवाले अधूनमधून आठवण करायचे, आप्पा अधूनमधून येतो म्हणायचे. अशा रीतीनं दसरा आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. मी मशीन पुसलं, तेल घातलं, हळदकुंकू वाहून झेंडूचं फूल ठेवलं, आणि त्या दिवशी टाका घातला नाही. गल्लीतल्या रिक्षांना केळीचे खुंट बांधलेले. आप्पा हत्यारांची पूजा-बिजा करणाऱ्यांतले नव्हते, ते वर पुस्तकातली चित्रं वाचत बसले होते. त्या दिवशी सगळ्या कर्नाटकातली हत्यारं घासली जातात, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. आपलं हत्यार हे हत्यार आहे, हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी स्टेशनातला नवा हवालदार सोनं द्यायला गल्लीत आला. बागलकोटकडचा, भाविक, स्वभावानं गोड, मराठी मोडकं. आपट्याची पानं आप्पांच्या हातात ठेवून म्हणाला, "तुमचा बी पूजा केला, आप्पा. लई घाण होता. राकेल घालून, काथ्या घेऊन घासला. आता बघा, चांदी."

आप्पा उठले आणि तसेच निघाले. पायात काही नाही, डोक्याला टोपी नाही. आक्कांनी माझ्या हातात त्यांच्या चपला दिल्या आणि म्हणाल्या, "जा गं माग्नं, पडतील कुठंतरी." आयुष्यात मी पोलीस स्टेशनची पायरी चढले ती अशी, दुसऱ्याच्या चपला हातात घेऊन.

आत सगळी हत्यारं एका सतरंजीवर ओळीनं मांडलेली होती. बंदुका, लाठ्या, बेड्या. सगळ्यांना गंध, कुंकू, झेंडू. कडेला गुंजीचं पिस्तूल. ते मी ओळखलंच नाही. देवघरातल्या तांब्यासारखं लखलखत होतं, आणि त्याच्या तोंडाशी कुणीतरी प्रेमानं लिंबू टेकवून ठेवलं होतं.

आप्पा खाली बसले. भिंग डोळ्याला लावलं. नळी बघितली. मग खटक्याच्या वर बघितलं. बराच वेळ तिथंच बघत राहिले. मी दाराशी उभी होते, आणि मला त्यांच्या मानेचा फक्त मागचा भाग दिसत होता.

"दोन," आप्पा म्हणाले.

एवढ्यानं मला सगळं कळलं. बेळगुंदीत खणलेला पाया माझ्या डोळ्यांपुढं आला.

स्टेशनचे साहेब बाहेर आले. "कूडरी आप्पा, कूडरी," म्हणत त्यांनी खुर्ची पुढं केली. आप्पा बसले नाहीत. त्यांनी सांगितलं की हा दुसरा मुकुट पोलिसांनी ठोकला आहे, त्यांना लेखी तक्रार द्यायची आहे.

साहेबांनी पिस्तूल हातात घेऊन बघितलं. "आप्पा, आमच्याकडं मुकुट ठोकायची सोय असती तर मी आधी माझ्या खांद्यावर ठोकून घेतला असता. बारा वर्षं झाली, बढती न्हाय." मग पेन काढलं. "पण तुम्ही म्हणताय तर लिहितो. काय लिहू? पोलिसांनी वस्तू साफ करून ठेवली, अशी तक्रार?"

हवालदार बिचारा रडकुंडीला आला. त्याला वाटलं, घासताना काही राहिलं. "अजून एकदा घासू का?" त्यानं विचारलं.

आप्पांनी तक्रार दिली नाही. चपला घातल्या. पिस्तूल तसंच, कुंकवासकट, डब्यात ठेवून घरी आणलं. वाटेत एकदाच बोलले. म्हणाले, "इतकी वर्षं जे न्हवतं तेच बघत हुतो की मी, बेळगुंदी." मला त्यांची दया येत नव्हती, खरं सांगायचं तर. मला माझा पाया दिसत होता.

त्या दुपारी जे घडलं त्यासाठी मी हे सगळं लिहीत आहे.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या तडक देवघरात गेल्या. परत आल्या तेव्हा हातात वाटी होती. समईची काजळी, एरंडेल घालून खललेली. वाटी त्यांनी पिस्तुलाशेजारी ठेवली. "लावा," त्या म्हणाल्या. "जिथं हुती तिथं लावा. दिवाळीपतूर वाळंल. त्या बेंगळूरवाल्याला काय सपान पडणार हाय?"

आप्पा वाटीकडं बघत राहिले.

"ती बाई दारात हुबी हाय," आक्का म्हणाल्या. "तिचं छप्पर तुमच्या एका बोटावर हाय."

मी दारातच होते. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग बोट वाटीत बुडवलं. ते काळं बोट पिस्तुलाच्या वर आलं आणि तिथंच थांबलं. ते खाली यावं, असं मला फार वाटत होतं. मी देवाला तसं सांगितलंसुद्धा.

आप्पांनी दुसऱ्या हातानं भिंग उचललं आणि पुन्हा एकदा त्या मुकुटाकडं बघितलं. मग काळं बोट आपल्या पांढऱ्या धोतराला पुसलं.

"न्हाय," ते म्हणाले. "हाय ते हाय. आता मला दिसलंय."

"जग कुठं भिंग घेऊन बसलंय?" आक्का म्हणाल्या.

"मी बसलोय न्हवं."

त्यांनी तिथल्या तिथं बेंगळूरला फोन लावला आणि सांगून टाकलं, की माल साधा निघाला, दोन मुकुट आहेत, तुम्ही येऊ नका. पलीकडचा माणूस दोन शब्द बोलला असेल. साधी त्याच्याकडं पुष्कळ आहेत, म्हणाला, आणि फोन ठेवला. त्या माणसाची आप्पा पुढं कितीतरी दिवस तारीफ करत होते. नजर पक्की आहे, म्हणायचे.

बेळगुंदीत भावानं खड्ड्यावर पत्रे टाकले. मी वरच्या मजल्याकडं बघायचं सोडून दिलं. आप्पाही माझ्या खिडकीसमोरून मान खाली घालून जायचे. एकदा मात्र थांबले आणि म्हणाले, तुमचं पैसं मी देणार. कसे, ते सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नसावं.

माहीत आक्कांना होतं. त्यांनी आप्पांना आणि डब्याला बेळगावच्या हत्यारांच्या दुकानात नेलं. दुकानदारानं पिस्तूल उजेडात धरलं आणि विचारलं, इतकं जुनं आणि इतकं स्वच्छ कसं. असलीच वस्तू त्याच्याकडं काळी-चिकट येते, ती कुणी हातात धरत नाही, म्हणाला. महिन्याभरात चिकोडीकडचा एक उसाचा बागायतदार बघायला आला. लायसन हातात, गळ्यात सोन्याची साखळी. आप्पांना राहवेना. त्यांनी स्वतःहून त्याला सांगायला सुरुवात केली, की यात विशेष काही नाही, दोन्ही मुकुट आहेत, असली हजारो आहेत. आक्कांनी कोपरखळी मारली तरी थांबेनात. बागायतदारानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोराच्या लग्नात कमरंला लावलं तर लांबनं चमकंल न्हवं?"

चमकेल, असं दुकानदारानं सांगितलं. परवानग्या यायला संक्रांत उलटली. आप्पांनी गुंजीला मोजले होते त्यापेक्षा थोडे कमी आले. कमी पडले ते आक्कांनी सासऱ्यांच्या जुन्या वखारीचं भाडं यायचं त्यातून घातले आणि आप्पांना सांगितलं की आता या पैशाला हात लावायचा तो फक्त द्यायला.

तर एके दिवशी दुपारी मला वर बोलावलं. चटईवर पैसे मांडलेले, पाचशेच्या नोटांची बंडलं. आक्का म्हणाल्या, उचल, आज संध्याकाळच्याच गाडीनं भावाकडं पोचव. मी पदर पुढं केला, तेवढ्यात आप्पांनी पहिलं बंडल सोडलं आणि भिंग लावलं.

"आता काय?" आक्का म्हणाल्या.

"बघून देतो. एखादी येगळी असली तर."

कुठल्या नोटेचा शिक्का सरकलेला असतो, कुठली छापताना निसटलेली असते, असली नोट लाखालाही जाते, असं त्यांनी मला समजावलं. तसली निघाली तर ती मलाच द्यायची होती, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी काजळीसाठी देवाला हात जोडले होते, हे त्यांना कसं सांगणार. मी चटईच्या कडेला बसून राहिले. एकेक नोट उजेडाकडं जायची, उलटायची, माझ्या बाजूला यायची. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं. आक्कांनी पानं मांडली, वाढलं, आणि हाक मारली. आप्पा नुसते हं म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा हाक मारली. दिवस गच्चीच्या कठड्याला टेकला होता.

"अहो, जेवता काय मोजता? दिवस चालला."

"जेवण उद्या हाय की," आप्पा म्हणाले. "ह्या बाईला आज जायाचंय."

आक्कांनी आप्पांचं वाढलेलं पान झाकलं आणि एकट्याच जेवायला बसल्या. खाली गल्लीत दिवे लागले. आप्पांनी शेवटची नोट खिडकीच्या शेवटच्या उजेडात धरली, भिंग डोळ्यावरून काढलं आणि डोळा चोळला.

"सगळ्या सारख्याच निघाल्या," ते फार खट्टू होऊन म्हणाले, आणि शेवटचं बंडल माझ्याकडं सरकवलं.

त्या संध्याकाळी आप्पा उपाशी झोपले. माझे पैसे पुरे झाले.